आभासी यंत्रे : स्मृति-आलेखन व जोडसाधनांचे थेट प्रदान

आभासी यंत्र : एका प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला, स्वतंत्र संगणकासारखाच वागणारा संगणक म्हणजे आभासी यंत्र होय. त्यात चालणाऱ्या परिचालन प्रणालीला आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असेच वाटते. स्मृती, प्रक्रियक, तबकडी, जाळ्याशी जोडणारे पत्रक ही सर्व साधने तिला आपलीच भासतात. वास्तविक त्यांचे वाटप एक वरिष्ठ आज्ञावली करीत असते. या आज्ञावलीला हायपरव्हायझर म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिला अधिनियंत्रक असे म्हटले आहे. एकाच यंत्रावर परस्परांना अपरिचित असे अनेक वापरकर्ते सुखाने नांदावेत आणि एकाच्या चुकीची झळ दुसऱ्यास लागू नये, हा या रचनेचा हेतू आहे. तो सफल होणे दोन गोष्टींवर अवलंबून असते : स्मृतीतील पत्त्यांचे आलेखन, ज्यास व्यवहारात मेमरी मॅपिंग म्हणतात, आणि प्रत्यक्ष जोडसाधन एखाद्या आभासी यंत्राच्या हाती थेट सोपविण्याची रीत, जिला पासथ्रू म्हणतात. या दोन्ही गोष्टींचा इतिहास आणि त्यांत उद्भवणारे दोष यांचा परामर्श येथे घेतला आहे. [⟶ संगणक].

आद्य काळ : प्रारंभीच्या संगणकांत पत्ता आणि जागा यांत भेद नव्हता. आज्ञेत जो अंक लिहिला असेल त्याच क्रमांकाच्या स्मृतिकोशात यंत्र जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला टिफ्रॅक हा संगणक याच पद्धतीचा होता. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे नामकरण केले. त्याची फेराइट गाभ्यांची स्मृती २,०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. अशा यंत्रावर एका वेळी एकच आज्ञावली चाले आणि सर्व स्मृती तिच्या मालकीची असे. ती चुकली तर नुकसान तिचेच होई. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि अनेक संस्थांची कामे एकाच यंत्रावर होऊ लागली. यंत्र महाग व वापरणारे पुष्कळ, अशा या स्थितीतूनच जगभर स्मृतीच्या वाटणीचा प्रश्न निर्माण झाला.

या प्रश्नाचे मूलगामी उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात मिळाले. तेथील ॲटलस या संगणकात (१९६२) स्मृतीचे ५१२ शब्दांची एक अशा पृष्ठांत विभाजन केले होते. आज्ञावलीने वापरलेला पत्ता आणि प्रत्यक्ष जागा यांची सांगड यंत्र स्वतः घालून देई. हवे असलेले पृष्ठ गाभ्यांच्या स्मृतीत नसेल, तर ते चुंबकीय ढोलावरून आणले जाई. अशा रीतीने पत्ता हे केवळ नाव ठरले आणि ते नाव कोठे नेऊन पोहोचवावयाचे हे तक्त्यावर अवलंबून राहिले. पृष्ठतक्त्याची ही कल्पना पुढील सर्व विकासाचा पाया होय. एका आज्ञावलीच्या तक्त्यात दुसरीच्या जागेची नोंदच नसेल, तर ती तेथे पोहोचूच शकत नाही. म्हणजे सोयीसाठी काढलेली युक्ती संरक्षणाचेही साधन ठरली.

आभासी यंत्राचा उदय : आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६७ च्या सुमारास सीपी-४० व सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. त्यांत प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण सिस्टिम/३६० संगणकाचा आभास मिळे. १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली विक्रीस आली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्रास योग्य अशा संगणकाच्या अटी गणिती स्वरूपात मांडल्या. त्यांचे सार असे : यंत्राची स्थिती बदलणारी किंवा तिच्यावर अवलंबून असणारी प्रत्येक आज्ञा सामान्य आज्ञावलीने दिल्यास यंत्राने थांबून अधिनियंत्रकाला वर्दी दिली पाहिजे. अशी वर्दी न देता गुपचूप वेगळे वागणारी एक आज्ञा जरी असली, तरी आभास भंगतो.

जोडसाधनांचा प्रश्न व्हीएम/३७० मध्ये ठळकपणे पुढे आला. चुंबकीय फितीचे यंत्र एखाद्या पाहुण्या प्रणालीच्या हाती पूर्णपणे देण्याची सोय तिच्यात होती. परंतु फितीशी व्यवहार करणारी वाहिनी पृष्ठतक्ता पाहत नसे. तिला प्रत्यक्ष पत्तेच कळत. म्हणून अधिनियंत्रक पाहुण्याने लिहिलेल्या वाहिनीच्या आज्ञांची नक्कल करी, तिच्यातील पत्ते बदली, संबंधित पृष्ठे जागेवर जखडून ठेवी आणि मगच काम सुरू करी. हा खर्च टाळण्यासाठी एका पाहुण्याला आभासी व प्रत्यक्ष पत्ते एकच असतील अशी जागा देण्याचाही पर्याय ठेवलेला होता. पुढे चाळीस वर्षांनी ज्या अडचणी नव्याने चर्चिल्या गेल्या, त्यांचे मूळ रूप येथे दिसते.

मुंबईत याच काळात एका यंत्राने दुसऱ्याचे काम करण्याचा एक निराळा प्रयोग घडला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेने १९७४ मध्ये बरोज कंपनीच्या मध्यम संगणकांसाठी लिहिलेली एक रुग्णालयीन माहिती-प्रणाली त्याच कंपनीच्या लहान संगणकांसाठी रूपांतरित केली. हे काम मुंबईत आयसीएल १९०३ या तिसऱ्याच यंत्रावर पार पडले. आज्ञावली व यंत्र यांची गाठ सोडविता येते आणि त्या सुटकेला आर्थिक मोल आहे, हे या उदाहरणावरून भारतात स्पष्ट झाले. बरोजच्या त्या लहान संगणकांची, म्हणजे बी १७०० मालिकेची, रचनाही लक्षणीय होती. त्यांना स्वतःची अशी कायमची आज्ञासूची नव्हती; प्रत्येक संगणकभाषेसाठी सूक्ष्म आज्ञावलीने वेगळे कल्पित यंत्र उभे केले जाई.

व्यक्तिगत संगणकाचे युग : १९७० मधील पीडीपी-११ या लघुसंगणकाने जोडसाधनांना स्मृतीच्याच पत्त्यांत जागा देण्याची पद्धत रूढ केली. पत्त्यांच्या पट्ट्यातील वरचा ८ किलोबाइटांचा भाग साधनांसाठी राखलेला असे. त्या पत्त्यावर लिहिणे म्हणजे साधनाला आज्ञा देणे होय. इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकाने (१९८५) पृष्ठतक्ता सामान्यांच्या संगणकात आणला. मात्र या कुळातील प्रक्रियक पोपेक व गोल्डबर्ग यांच्या कसोटीला उतरत नव्हते. पेंटियममध्ये वर्दी न देणाऱ्या अशा सतरा आज्ञा आहेत, असे २००० मध्ये एका अभ्यासात दाखविण्यात आले. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती योजली, तर केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने २००३ मध्ये पाहुण्या प्रणालीतच फेरफार केले. अखेर २००५ व २००६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रक्रियकातच सोय केली. लिनक्समधील केव्हीएम हा अधिनियंत्रक २००७ मध्ये त्या प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

दुहेरी आलेखन : आभासी यंत्रात पत्त्याचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पाहुण्या प्रणालीचा तक्ता तिच्या आज्ञावलीचा पत्ता तिला ‘प्रत्यक्ष’ वाटणाऱ्या पत्त्यात बदलतो. पण तो पत्ताही कल्पितच असतो, म्हणून अधिनियंत्रकाचा तक्ता त्याचे खऱ्या जागेत रूपांतर करतो. प्रारंभी अधिनियंत्रक या दोहोंची बेरीज करून एक छायातक्ता ठेवीत असे आणि पाहुण्याच्या तक्त्यातील प्रत्येक बदल त्यात उतरवून घेण्यात बराच वेळ खर्ची पडे. २००७–०८ पासून प्रक्रियक दोन्ही तक्ते स्वतः वाचू लागले. तरीही चार पातळ्यांचे दोन तक्ते एकात एक गुंफल्यास एका पत्त्यासाठी जास्तीत जास्त २४ वेळा स्मृती पाहावी लागते. साध्या संगणकात हीच संख्या ४ असते. ४ किलोबाइटांऐवजी २ मेगाबाइट किंवा १ गिगाबाइटाची मोठी पृष्ठे घेतल्यास पातळ्या कमी होतात व हा भार हलका होतो. मोठी स्मृती असलेले आभासी यंत्र कारण नसताना मंद वाटत असेल, तर पृष्ठांचा आकार प्रथम तपासतात.

जोडसाधनांचे थेट प्रदान : बहुतेक आभासी यंत्रांना साधनांची केवळ नक्कल मिळते. नक्कल सुरक्षित असली तरी संथ असते व सर्वच साधनांची करता येत नाही. चित्रप्रक्रियक, अतिवेगवान जाळे-पत्रके, मापनाची विशेष पत्रके अशा साधनांना ते प्रत्यक्षच देणे भाग पडते.

येथे मोठा धोका आहे. आधुनिक साधने प्रक्रियकाला मध्ये न घेता स्मृतीत थेट लिहितात. पाहुणी प्रणाली साधनाला आपला कल्पित पत्ता सांगते. साधन त्यालाच खरा पत्ता समजून तेथे लिहिते. ती जागा शेजारच्या यंत्राची किंवा खुद्द अधिनियंत्रकाचीही असू शकते. अशा वेळी पृष्ठतक्त्याची सर्व तटबंदी व्यर्थ ठरते, कारण साधन त्या दाराने येतच नाही. यावर उपाय म्हणून साधने व स्मृती यांच्या वाटेवर एक वेगळा रूपांतरक बसवितात. त्यास आयओएमएमयू म्हणतात. प्रत्येक साधनाच्या क्रमांकाला तो स्वतंत्र तक्ता लावतो आणि तक्त्याबाहेरचा व्यवहार अडवून त्याची नोंद करतो. एएमडी व इंटेल यांनी त्याचे विनिर्देश २००६ च्या सुमारास प्रसिद्ध केले. एकच पत्रक अनेक आभासी पत्रकांत विभागण्याचे मानक २००७ मध्ये निघाले. लिनक्समध्ये २०१२ साली व्हीएफआयओ ही रचना आली व थेट प्रदानाला शिस्तबद्ध रूप मिळाले.

व्यत्यय-संकेतांचा मार्ग मात्र काही काळ मोकळाच राहिला होता. साधनाने विशिष्ट पत्त्यावर लिहिलेला संदेश हाच आधुनिक यंत्रात व्यत्यय-संकेत असतो. त्यामुळे दुष्ट हेतूने चालविलेले साधन खोटे संकेत निर्माण करून अधिनियंत्रकावर ताबा मिळवू शकते, हे २०११ मध्ये सप्रयोग दाखविण्यात आले. म्हणून संकेतांचेही आलेखन आवश्यक मानले जाते व ते उपलब्ध नसल्यास व्हीएफआयओ सामान्यतः साधन सोपविण्यास नकार देते.

दोष व निदान : थेट प्रदानातील दोष वरवर पाहता सारखेच दिसतात : यंत्र सुरू होत नाही, पडदा काळा राहतो अथवा साधन ओळखले जात नाही. त्यांची कारणे मात्र वेगवेगळ्या पातळ्यांवर असतात. म्हणून तपासणी खालून वर, म्हणजे यंत्राकडून आज्ञावलीकडे, करावी.

प्रथम आयओएमएमयू खरोखर चालू आहे काय ते पाहतात. ते प्रारंभिक आज्ञासंचात व परिचालन प्रणालीत अशा दोन्ही ठिकाणी चालू असावे लागते. दुसरी पायरी गटांची. ज्या साधनांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याची हमी यंत्राची अंतर्गत रचना देऊ शकत नाही, त्यांचा एक गट मानला जातो आणि संपूर्ण गट एकाच यंत्राला द्यावा लागतो. हवे असलेले साधन आणि यजमानाची तबकडी एकाच गटात आढळल्यास पत्रक दुसऱ्या खाचेत बसविणे हा सरळ उपाय होय. गट जबरदस्तीने फोडणारी दुरुस्त्यांची आज्ञावली वापरतात. परंतु तिच्यामुळे अलगपणा निर्माण होत नाही, तो असल्याची केवळ समजूत करून घेतली जाते. तिसरे, यजमानाच्या ड्रायव्हरने साधन आधीच ताब्यात घेतलेले नसावे.

त्यानंतर पत्त्यांच्या जागेचा प्रश्न येतो. प्रत्येक साधन आपल्याला किती लांबीची पत्त्यांची खिडकी हवी ते सुरुवातीस सांगते. ३२ बिटांच्या पत्त्याने ४ गिगाबाइटांपर्यंतच पोहोचता येते व त्या मर्यादेखालची जागा अनेक साधनांत वाटलेली असते. मोठ्या चित्रप्रक्रियकाची खिडकी त्यात मावत नाही. ती मर्यादेच्या वर ठेवण्याची मुभा यजमान व पाहुणा या दोहोंच्या प्रारंभिक आज्ञासंचांत असावी लागते. काही सर्व्हरांत निर्मात्याने साधनाशी निगडित अशी स्मृती स्वतःच्या उपयोगासाठी राखून ठेवलेली असते. असे साधन पाहुण्याला देता येत नाही, कारण त्या राखीव जागेचे आलेखन हलविता येत नाही.

साधन कोणत्या क्षणी कोठे लिहील हे सांगता येत नसल्याने सामान्यतः पाहुण्याची सर्व स्मृती जखडून ठेवावी लागते. परिणामी, वापरात नसलेली स्मृती परत घेता येत नाही, जखडण्याची परवानगी अपुरी असल्यास यंत्र सुरूच होत नाही आणि चालू यंत्र दुसऱ्या संगणकावर हलविणेही कठीण होते. शेवटची अडचण पुनःस्थापनेची आहे. पाहुणे यंत्र बंद झाल्यावर साधन मूळ स्थितीत यावयास हवे; काही साधने येत नाहीत व यजमानच पुन्हा सुरू करावा लागतो. दुसऱ्या वेळी न चालणाऱ्या साधनाविषयी हीच शंका आधी घ्यावी.

या सर्व तपासणीत आयओएमएमयूची दोषनोंद सर्वांत मोलाची असते. कोणत्या साधनाने कोणत्या पत्त्यावर जाण्याचा प्रयत्न केला, तो वाचण्यासाठी की लिहिण्यासाठी, हे तीत नमूद असते. अशी नोंद त्रासदायक वाटून रूपांतरकच बंद केल्यास दोष नाहीसा झाल्याचा भास होतो; प्रत्यक्षात चुकीचे लेखन अडविणारा पहारेकरी तेवढा दूर होतो व नुकसान अन्यत्र, उशिरा आणि कारणाचा माग न ठेवता प्रकट होते.

तारापूर–बोईसर : अलगपणाचे महत्त्व संगणकविज्ञानाआधी अणुऊर्जा अभियांत्रिकीने ओळखले होते. बोईसरनजीक तारापूर येथील भारतातील पहिल्या अणुविद्युत् केंद्राचे दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले; तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. १९६९ मध्येच भाभा अणुसंशोधन केंद्रात अभिकल्पित झालेला टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक सिद्ध झाला व हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने त्याचे उत्पादन केले. १२ बिटांच्या पत्त्याने केवळ ४,०९६ जागा दाखविता येतात. अशा यंत्रांवर वास्तवकालीन नियंत्रणाचे शिक्षण भारतीय अभियंत्यांनी घेतले.

तारापूरचे ५४० मेगावॉटचे चौथा व तिसरा हे संच अनुक्रमे २००५ व २००६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्यांतील अणुभट्टीची शक्ती १४ द्रव-विभागांतील पाण्याची पातळी बदलून नियंत्रित करतात. अणुभट्टी बंद करण्यासाठी मात्र दोन वेगळ्या प्रणाली आहेत : एकीत २८ शोषक दांडे खाली सोडले जातात, दुसरीत मंदायकात गॅडोलिनियम नायट्रेटाचा विद्राव सोडला जातो. एकीतील बिघाड दुसरीत पोहोचू नये म्हणून त्यांची कार्यतत्त्वेच भिन्न ठेवली आहेत. आभासी यंत्रांत हाच अलगपणा तक्त्यांतील नोंदींनी निर्माण केलेला असतो. नोंद चुकीची असेल तर भिंतही नसते. सामायिक यंत्रावर काय ठेवावे व काय ठेवू नये, याचा विवेक या तुलनेतून येतो.

बोईसर येथील तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या क्षेत्रांत या विषयाचा आणखी एक पैलू संभवतो. कारखान्यातील यंत्र तीस वर्षे टिकते, त्याला चालविणारा व्यक्तिगत संगणक तेवढा टिकत नाही. जुनी परिचालन प्रणाली आभासी यंत्रात जतन करून मूळ नियंत्रण-पत्रक तिला थेट सोपविणे हा अशा वेळी एक मार्ग असतो. मात्र आयओएमएमयूला साधनाचा क्रमांक ओळखावा लागतो. जुन्या पद्धतीच्या पीसीआय पत्रकांना जोडपुलामागे बसविल्यास ती सर्व एकाच गटात मोडतात. शिवाय वेळेचे काटेकोर बंधन असलेल्या नियंत्रणात अधिनियंत्रकामुळे होणारा अल्प विलंबही घातक ठरू शकतो. म्हणून असे स्थलांतर उत्पादन थांबलेले असताना, पूर्ण चाचणी घेऊन करणे श्रेयस्कर होय.

महाराष्ट्रातील पुढील वाटचाल : पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (स्थापना १९८८) परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. त्याच्या ट्रान्सप्यूटर प्रक्रियकांत पृष्ठतक्ता नव्हता. प्रत्येकाची स्मृती मुळातच वेगळी असून व्यवहार संदेशांद्वारे होई. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अनुपम मालिकेचाही प्रारंभ त्याच सुमारास झाला. केव्हीएमच्या विकासात पुण्यातील अभियंत्यांचाही सहभाग आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राने २०१४ मध्ये मेघराज ही सेवा सुरू केल्यापासून शासकीय कामेही आभासी यंत्रांवर जाऊ लागली. नागरिकांच्या नोंदी परस्परांना अपरिचित खात्यांच्या आज्ञावलींशेजारी, एकाच स्मृतीत राहू लागल्या. पृष्ठतक्त्यांच्या अचूकतेचा प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक विश्वासाचा प्रश्न झाला आहे.

अलीकडील प्रवृत्ती : आतापर्यंतच्या रचनेत पाहुण्यावर अविश्वास व अधिनियंत्रकावर पूर्ण विश्वास गृहीत धरलेला होता. २०१७ पासून एएमडीने आणि नंतर इंटेलने पाहुण्याची स्मृती सांकेतिक लिपीत ठेवण्याची सोय प्रक्रियकात केली आहे. तीत यजमानालाही पाहुण्याचा मजकूर वाचता येत नाही. परंतु मग साधनालाही तो वाचता येत नाही. साधनाने आपली ओळख सिद्ध करावी व ती पटल्यावरच पाहुण्याने आपल्या स्मृतीचा काही भाग त्याच्यासाठी उघडावा, अशी मानके त्यासाठी तयार होत आहेत. पूर्वी साधन कोणाच्या हाती द्यावे हे अधिनियंत्रक ठरवीत असे. नव्या रचनेत ते स्वीकारावे की नाही, हे पाहुणे यंत्रही ठरवू शकेल.